गोरखशेठच्या तीन काड्या

राजुरीत गोरखशेठला न येणारी गोष्ट सापडणं अवघड होतं, आणि खरोखर येणारी सापडणं त्याहून अवघड. हे वाक्य त्याच्या बायकोचं, साळुबाईचं. ती ते विहिरीवर, शेजारणींत, पाहुण्यांदेखत, कुठंही बोलायची, आणि नवरा ऐकण्याइतका जवळ असला तर जरा मोठ्यानं बोलायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बाईमाणूस कंटाळून गप्प बसतं; साळुबाईला उलट दर वर्षी नवीन काहीतरी सुचत गेलं.

‘शेठ’ हे बिरुदही फुकटचंच. धंदा कसला नव्हता. वडिलोपार्जित जमीन, त्यातली चार एकर ओलिताची, बाकी पावसाच्या भरवशावर. पण आळेफाट्यावर चहाच्या टपरीत बसून गोरखनं एखाद्या विषयावर तासभर तोंड चालवलं, की ऐकणाऱ्याला त्याला शेठ म्हणून उठावं लागे; नाहीतर उठायलाच मिळत नसे. खिशात दोन पेनं, काखेत डायरी, पायजम्याला कडक इस्त्री. मातीतल्या माणसाची इस्त्री दुपारपर्यंत टिकते कशी, हा गावात अनेकांना पडलेला प्रश्न होता. साळुबाईला पडलेला नव्हता.

त्याच्या शिकण्याचा इतिहास घराच्या मागच्या खोलीत फळीवर मांडून ठेवलेला होता. पहिला मान पखवाजाचा. एक्क्याण्णव साली भजनी मंडळात पखवाज शिकायचं गोरखच्या मनात आलं. शिकवणारा ठरायच्या आधी पखवाज पुण्याहून आला. त्यावर मखमलीची खोळ आली. मग आळ्याचे कुंडलिकबुवा शिकवायला आले. बुवांनी एक बोल दिला आणि सांगितलं, महिनाभर एवढाच वाजवा, हात बसू द्या. तिसऱ्या दिवशी गोरख बुवांनाच पखवाजाचं लाकूड कुठल्या झाडाचं चांगलं, ते समजावून सांगत होता. चौथ्या दिवशी मंडळातल्या चार जणांसमोर डावा हात चुकला, आणि गोरखला एकदम आठवलं की त्याला सोसायटीच्या मीटिंगला जायचंय. त्यानंतर पखवाजाला त्याचा हात लागला तो फक्त कणकेपुरता. आवाज लागावा म्हणून डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या कातड्याला, कणीक किती ओली लावायची, यात तो तज्ज्ञ झाला. दर एकादशीला वाजवणाऱ्याच्या शेजारी बसायचा आणि भर अभंगात त्याच्या कानाशी लागून सांगायचा, की कणीक सुकली आहे.

पखवाजाशेजारी तांब्याच्या तारेचं भेंडोळं. ते पंचाण्णव सालचं. कमी दाबाच्या विजेनं विहिरीवरची मोटार जळाली, आणि फाट्यावर मोटार भरून, म्हणजे आतली तार नवी गुंडाळून, मिळायला आठ-आठ दिवस नंबर लागायचा. गोरखनं ठरवलं, आपण स्वतः मोटार भरायला शिकायचं. एका मिस्तरीच्या दुकानात तो सहा दिवस जाऊन बसला. मिस्तरी बसायचा जमिनीवर, मांड्यांमध्ये मोटार धरून. गोरख बसायचा खुर्चीवर, मिस्तरीच्या डोक्यामागं. तिथून त्याला मिस्तरीचं टक्कल उत्तम दिसायचं. डायरीत मात्र सगळं उतरलं: किती वेढे, कुठली तार, कुठला कागद. घरी येऊन त्यानं अंगणात मोटार उघडली, जुनी तार ओढून काढली, आणि पहिलं वेटोळं खाचेत बसवताना शेजारचा भिमाजी कुंपणावरून म्हणाला, ‘शेठ, उलटं जातंय का ते?’ झालं. शेठ उठला, पायजमा झटकला, घड्याळाकडं बघितलं. मोटार पोत्यात घालून फाट्यावर गेली ती साळुबाईनंच पाठवली. त्या दिवसापासून मिस्तरी लोक गिऱ्हाइकाला कसे फसवतात, यावर गोरख अधिकारवाणीनं बोलू लागला.

आता कुणी म्हणेल, माणूस ढ असेल. तेच तर दुखणं होतं. गोरख ढ नव्हता. एकदा ऐकलेली गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नसे. मिस्तरीच्या पोराला वर्षभरात पाठ झाले नाहीत ते आकडे त्याला सहा दिवसांत पाठ. पण डोक्यातलं हातात उतरायला मध्ये जे चुकावं लागतं, वाकडंतिकडं करून पुन्हा करावं लागतं, ते त्याला नको होतं. त्याला शिकायचं नव्हतं, शिकून झालेलं असायला हवं होतं. आणि चूक झालीच, तर ती बघायला आसपास कुणी नको. खेड्यात असं कुठं असतं? खेड्यात माणूस शिंकला तरी दोघांना माहीत होतं. त्यामुळे गोरख जे काही शिकायला बसला ते पहिल्या चुकीला सोडून उठला. उठणं मात्र तो फार सुरेख शिकला होता. आधी पायजमा झटकायचा, मग घड्याळ बघायचं.

याचं मूळ साळुबाईला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूनं, लंकाबाईनं, ज्वारी निवडताना तिला सांगितलं होतं. गोरख चौदा वर्षांचा असताना सासऱ्यांनी, रखमाजींनी, त्याला पहिल्यांदा पेरणीच्या पाभरीमागं उभं केलं. पाभरीचं काम दिसतं तितकं सोपं नसतं. बैल सरळ रेघेत ठेवायचे, आणि त्याच वेळी चाड्यात, म्हणजे पाभरीवरच्या वाटीत, मुठीनं बी सोडत जायचं, ना दाट ना विरळ. त्यातली चूक त्या दिवशी दिसत नाही, सगळी मातीखाली असते. आठ दिवसांनी बाजरी उगवली तेव्हा ती दिसली. तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, सापासारखे वळलेले, कुठं झुबका तर कुठं हातभर मोकळं. रखमाजींनी पोराला मारलं नाही. त्यांनी पाहुणे बोलावले. चहा पाजून एकेकाला बांधावर नेलं आणि हात करून दाखवलं, ‘बघा, आमच्या चिरंजीवांचं अक्षर.’ बाजरी कापेपर्यंत, पूर्ण हंगामभर, हा कार्यक्रम चालला. पोराला पाहुण्यांबरोबर बांधावर उभं राहावं लागायचं.

सांगताना लंकाबाई हसल्या होत्या. साळुबाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि ती गोष्ट तिनं नीट जपून ठेवली, एखादं धारदार हत्यार जपावं तशी. पखवाजाच्या वेळी ती वापरली, मोटारीच्या वेळी वापरली. नवरा काहीही सांगायला लागला की ती म्हणायची, ‘ऱ्हाऊ द्या, आदी अक्षर सुधरा.’

दोन हजार साली गोष्ट हसण्यापलीकडं गेली. ओलिताच्या चार एकरांतली दोन एकर द्राक्षबाग होती, जुनी. पाणी मचूळ झालं होतं आणि वेली वरून वाळत चालल्या होत्या. त्या वर्षांत सगळीकडं नवीनच पद्धत आली होती. जमिनीत जंगली द्राक्षाचं रोप लावायचं, जे खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. त्याचा खुंट बोटाएवढा जाड झाला की पावसाळा सरताना तो वीतभर उंचीवर कापायचा, मधोमध चिरायचा, आणि त्या चिरेत आपल्या चांगल्या द्राक्षाची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून बसवायची. वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. वीस दिवसांत काडी फुटली तर बाग झाली. नाही फुटली तर थंडी पडते, वेल झोपते, आणि वर्ष गेलं ते गेलं. गोरखनं जुनी बाग तोडली आणि दोन हजार जंगली रोपं लावली. साळुबाईच्या घराचं पुढचं सगळं त्या दोन हजार खुंटांवर उभं होतं. दुसरीकडून काही येणार नव्हतं.

कलमं बांधणाऱ्या टोळ्या सांगलीकडून यायच्या. अख्खं शिवार त्यांच्याकडूनच काम करून घेत होतं. गोरखनं टोळी बोलावली नाही. तो दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आला होता. तिथून त्यानं लाल मुठीची घडीची सुरी आणली, चित्रं छापलेला एक कागद आणला आणि एक प्रमाणपत्र आणलं, जे काचेत घालून देवघराच्या वर लागलं. आता बाहेरच्यांची काय गरज, गावातल्या बायका घेऊ, मी मार्गदर्शन करतो, असं त्यानं जाहीर केलं.

मार्गदर्शन म्हणजे काय, तर बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची. खुंट जमिनीपासून वीतभर. ते काम करायचं तर उकिडवं बसावं लागतं, नाक खुंटाला लागेल इतकं वाकावं लागतं. दहा बायका तशा बसल्या होत्या, आणि जमीनमालक मजुरीच्या बायकांच्या शेजारी मातीत कसा बसेल? राजुरीत बागाईतदार बांधावरच उभा राहतो, त्याचा बाप राहिला, त्याचा आजा राहिला. गोरखनं तर खुर्चीची सोय केली होती. तिथून तो कागद बघून सांगायचा, ‘काडी बरोब्बर मधोमध बसली पायजे. चित्रात बघा, मधोमध हाय.’

त्या बायकांत सुंदरा होती. आळ्याच्या शिवेजवळ वस्ती करून राहिलेल्या धनगरांपैकी. नवरा, जानकू, अजून मेंढरं राखायचा. ती दुसऱ्या दिवशी उठून बांधाजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘शेठ, काडी बारीक अन् खुंट जाड असला तर कडंला बसवावी लागती.’ गोरखनं तिला विचारलं की तिनं शिबिर कुठं केलं. ती परत जाऊन बसली.

वीस दिवसांनी दोन हजारांतल्या सतराशेच्या वर काड्या वाळलेल्या होत्या. गोरखनं डायरीत कारणं लिहिली: काडी जुनी होती, ऊन कडक पडलं, बायकांनी मन लावून काम केलं नाही. त्या यादीत खुर्ची नव्हती.

साळुबाई त्या दिवशी शेतात गेली ती भांडायच्या तयारीनं. शिव्या कुणाला द्यायच्या तेवढंच ठरायचं होतं. वाळक्या काड्या बघत ती ओळीओळीनं चालत गेली, आणि शेवटच्या ओळीत थांबली. ती ओळ हिरवी होती. ऐंशी खुंटांतल्या साठ-पासष्टांवर पालवी. तिनं विचारलं, या ओळीला कोण बसलं होतं. सुंदरानं आधी कानावर हात ठेवले, म्हणाली, चुकून झालं असेल. मग साळुबाईनं तिला बाभळीखाली बसवून चहा दिला, आणि सगळं बाहेर आलं.

सुंदरा दोन हंगाम सांगलीच्या टोळीबरोबर नारायणगावकडं पट्ट्या गुंडाळायला होती. तिला मेंढरांमागं गावोगाव हिंडणं सोडायचं होतं, कारण सुप्रिया, तिची मुलगी, शाळेत जायला लागली होती आणि दर चार महिन्यांनी शाळा सोडत होती. एका जागी राहून करता येईल असं काम हवं होतं. म्हणून ती टोळीच्या मुकादमाच्या मागं लागली. त्यानं टाकाऊ खुंटांवर हात बसवू दिला. तिच्या पहिल्या शंभरांतल्या नव्वद वाळल्या. मुकादमानं त्या नव्वदांकडं बघितलंसुद्धा नाही. तो तिला घेऊन जगलेल्या दहांजवळ बसला आणि त्यांच्या पट्ट्या सोडून दाखवलं, ह्या का लागल्या ते. सालीखाली हिरवा पापुद्रा असतो, खुंटाचा आणि काडीचा. तो एका बाजूला तरी एकमेकाला चिकटला पाहिजे. बाकी काडी मध्ये असो की तिरकी असो. वरून बघितलं तर हे दिसतच नाही. खाली बसल्यावरच दिसतं.

‘मंग बस खाली अन् मला दाव,’ साळुबाई म्हणाली.

थंडीआधी काडी फुटायची तर बांधायला पंधराच दिवस होते. काडी वाळलेला खुंट आणखी चार बोटं खाली कापला तर पुन्हा बांधता येतो, असं सुंदरा म्हणाली. साळुबाईनं पोतं टाकलं आणि मजुरीच्या बायकांच्या रांगेत उकिडवी बसली. गावात त्याची चर्चा झाली. व्हायलाच हवी होती, तिलाही ती हवीच होती. ती शिकायला बसली ते बागेसाठी बसली, हे अर्धं खरं. अर्धं असं, की तिला खुर्चीवरच्या माणसाला दाखवून द्यायचं होतं. पहिल्या दिवशी तिनं झपाट्यानं चाळीस बांधल्या, सुंदराच्या दुप्पट. संध्याकाळी सुंदरानं त्यातल्या दहा सोडून बघितल्या. दहाच्या दहा चुकीच्या. सुंदरा हसली नाही. एवढंच म्हणाली, की वैनी, तुम्ही काडीवर राग काढताय, ती सुरी दाबू नका, चालवा. दुसऱ्या दिवशी साळुबाईनं पंधराच केल्या. चौथ्या दिवशी तिला सालीखालचा तो पापुद्रा सुरी लावायच्या आधी दिसायला लागला. चीड हीसुद्धा माणसाला बरंच शिकवते, आणि साळुबाईजवळ ती अठरा वर्षांची साठलेली होती.

सहाव्या दिवशी गोरख आला. रोज यायचा तसा बांधावर खुर्चीत बसला नाही. बायका मान खाली घालून काम करत होत्या, तो पहिल्या ओळीच्या तोंडाशी घुटमळत राहिला. मग त्यानं चपला काढल्या. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. साळुबाईच्या शेजारी मातीत बसला, गुडघे वाजले त्याचे, आणि हळू आवाजात म्हणाला,

‘मला दाखव.’

साळुबाईचा हात थांबला. हे दोन शब्द नवऱ्याच्या तोंडून कधी निघतील असं तिला वाटलं नव्हतं. निघाले तर आपण काय करू, याचा विचार तर तिनं केलाच नव्हता. तिनं दाखवलं. एक खुंट चिरला, काडी तासली, कडेला टेकवून बसवली. मग गोरखनं खिशातली लाल मुठीची सुरी काढली. पहिली काडी तासताना त्याला इतका वेळ लागला की शेजारच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. पाचर एका बाजूनं जाड झाली. दुसरी थोडी बरी होती. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो उठला नाही. काडी बसवली, पट्टी गुंडाळली. आणि पट्टीचं टोक आत खोचायचं सोडून त्यानं वर दुहेरी गाठ मारली, मोटारीच्या पाइपाला मारतात तशी. तिन्ही खुंटांवर तशाच गाठी. मग त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. लहान पोर पाटी पुढं करून बघतं तसं बघितलं.

साळुबाईच्या तोंडात शब्द तयारच असायचे. तिला शोधावे लागले नाहीत.

‘मामंजीच्या येळची बाजरी बरी म्हनायची,’ ती म्हणाली. ‘ती वाकडी का व्हईना, उगावली तरी व्हती.’

बायका हसल्या. दहापैकी आठ तरी खदखदून हसल्या, कारण ती बाजरी साऱ्या गावाला ठाऊक होती. गोरखही हसला. त्यानं सुरी मिटवली, खिशात घातली. उठला, पायजमा सोडून झटकला, घड्याळाकडं बघितलं. जाताना त्यानं बांधावरची खुर्ची उचलली आणि घरी घेऊन गेला. ती परत कधी शेतात आली नाही.

सुंदरा हसली नव्हती. काडी तासता तासताच ती म्हणाली,

‘वैनी, माज्या नव्वद वाळल्या तवा मुकादम हसला असता, तर मी दुसऱ्या दिशी मेंढरामागं गेली असती.’

साळुबाईला राग आला, आणि तो सुंदराचाच आला. मजुरीवर आलेल्या बाईनं शिकवावं, एवढी आपली वेळ आली का, असं तिच्या मनात येऊन गेलं. पाच दिवस ती मजुरीवरच्या बाईकडूनच शिकत होती, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही.

बाग लागली. दिवाळीच्या सुमाराला सोळाशे खुंट फुटले होते. लोक बघायला यायला लागले. साळुबाई सकाळी एकटी ओळी मोजत फिरायची. एके सकाळी ती पहिल्या ओळीच्या तोंडाशी पोचली. दुहेरी गाठीचे तीन खुंट. दोन काड्या काळ्या पडल्या होत्या. तिसऱ्या काडीच्या वरच्या डोळ्यातून नखाएवढी दोन पानं बाहेर आली होती, लालसर, अजून न उलगडलेली.

ती तिथंच मातीत बसली. नवऱ्याच्या हातून आयुष्यात एक गोष्ट सुरू होऊन शेवटाला गेली होती, आणि त्याला ते माहीत नव्हतं. ही लागली, का लागली, एवढं तिला त्याला शेजारी बसवून दाखवायचं होतं. सुंदराच्या मुकादमानं केलं तेवढंच. ती तशीच उठून घरी गेली, सांगायलाच गेली.

ओसरीवर ओतूरचे कुणी पाहुणे बसले होते आणि गोरख त्यांना सांगत होता, की काडी कडेला बसवायची असते, मी पहिल्यापासून सांगत होतो, पण बायका ऐकत नाहीत. साळुबाई तशीच आत गेली. हा माणूस, तिनं स्वतःला बजावलं, याला काय सांगायचं! दिवसभर ती हेच घोकत राहिली, आणि ते सोपं होतं, कारण गोरख होताच तसा.

पण कारण ते नव्हतं. तिला ते संध्याकाळपर्यंत कळलं, आणि कळल्यावर तिला स्वतःची किळस आली. सांगितलं असतं तर गोरख दुसऱ्या दिवशी चपला काढून पुन्हा पहिल्या ओळीत बसला असता. त्यानं पुन्हा सुरी धरली असती. दहा वाळल्या असत्या, मग पाच, मग दोन. डोकं तर त्याच्याकडं होतंच. तो शिकला असता. आणि मग साळुबाई विहिरीवर काय बोलली असती? अठरा वर्षं गावात जे तिचं नाव होतं ते गोरखच्या न येण्यावर उभं होतं. तिला नवरा शिकलेला नको होता. तो पखवाज, ते भेंडोळं, ते प्रमाणपत्र, हे सगळं तिला जिथल्या तिथं हवं होतं.

महिन्याभरानं पट्ट्या सोडायची वेळ आली. पट्टी वेळेवर सोडली नाही तर वेल आवळते. बायका दुसरीकडून सुरू झाल्या. पहिली ओळ साळुबाईनं स्वतःकडं ठेवली. दुहेरी गाठ सुटत नव्हती, कापावी लागली. तिनं ती कापून कनवटीला खोचली आणि घरी आल्यावर चुलीत टाकली. काड्या वाळलेल्या दोन खुंटांवर, थंडीत लागणार नाहीत हे माहीत असून, आपल्या हातानं नवीन काड्या बसवल्या. आता त्या ओळीत कुणाचं काय, हे बघून कुणालाच कळलं नसतं.

पहिला बहर दोन हजार दोनच्या मार्चमध्ये निघाला. सुंदरा तोवर स्वतःची टोळी घेऊन आळे-राजुरीच्या बागांत कलमं बांधत होती, आणि सुप्रिया मध्ये शाळा न सोडता पाचवीला गेली होती. गोरख फाट्यावर बसायचा, पण कलमांबद्दल बोलायचा नाही. त्या सहाव्या दिवसाच्या हसण्यानंतर तो घरात हळूहळू कमी बोलायला लागला होता. पाहुण्यांपुढचं बोलणंही दिवाळीनंतर सरलं. साळुबाईला टोमणे मारायला मागं जाऊन जाऊन जुन्याच गोष्टी काढाव्या लागत. विहिरीवर कुणी आता त्यांना पहिल्यासारखं हसत नव्हतं.

पहिल्या तोडीच्या दिवशी तिनं पहिल्या ओळीतल्या त्या वेलीचे घड स्वतः कात्रीनं काढले. क्रेटमध्ये टाकले नाहीत, पदरात घेतले. घरी येऊन धुतले आणि त्यातला एक घड ताटलीत घालून ओसरीवर नवऱ्यापुढं ठेवला.

गोरखनं एक मणी तोंडात टाकला. मग दुसरा. घड हातात घेऊन त्यानं फिरवून बघितला. कुणी ऐकायला नव्हतं, पाहुणे नव्हते, बायका नव्हत्या.

‘ग्वाड हाय,’ तो म्हणाला. ‘मला न्हाई जमलं ते, साळू. तुझा हात बसला पर. चांगला बसला.’

अठरा-वीस वर्षांत ‘मला जमलं नाही’ असं तो पहिल्यांदा म्हणाला होता. साळुबाई ‘हं’ म्हणाली, आणि रिकामी झालेली ताटली उचलून आत गेली.